कोणती फाईल कशात उघडायची

सव्वा महिना पुरा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, कांताबाई आमच्या प्रतापनगरच्या घरी आल्या. मी बाळीला तेल लावत होते. बाळी बघायला आलेलं माणूस आधी हात धुतं आणि मग पाळण्याकडे वळतं. कांताबाई दारातच उभ्या राहिल्या. चपलासुद्धा काढेनात.

"या नं," सासूबाई म्हणाल्या. "उन्हाच्या आल्या. पाणी घ्या."

"बसत नाई जिजाबाई. साहेबानं पाठवलं. प्रेमिलाबाईले आजच बलावलं हाये हापिसात."

"आज? काहून वं? तिची रजा जूनपावतर हाये नं?"

कांताबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. "टिपणं गेली बाई. मराठी टिपणं सारी गेली. पडद्यावर नुसते कावळ्याचे पाय दिसून राहिले. अन् साहेब म्हणते, ते प्रेमिलाबाईनं समोर ठेवलं नं, त्याच्यानंच झालं. म्हणते, आता जूनमधी त्याईनं यायची गरज नाई. नीलाबाई पाहून घेईन सारं."

माझ्या हातातली तेलाची वाटी पाटावर टेकली आणि कलंडली. सासूबाई तेल पुसत राहिल्या. मी कांताबाईंना एकच विचारलं, "नीला काय म्हणाली?"

"नीलाबाई तं उभीच होती तिथं. बोलली नाई काई."

साहेब म्हणजे आनंदराव; त्यांचं वधू-वर सूचक केंद्र लकडगंजात, एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर. दिवसभर खाली करवत चालते. भुसा जिन्यावरून वर येतो आणि काँप्युटरवर बसतो, म्हणून त्याला मी जुन्या साडीचं झाकण शिवलं होतं. काँप्युटर सत्त्याऐंशी साली आला. नागपुरात कुठल्या वधू-वर केंद्रात काँप्युटर नव्हता, आणि आनंदराव आलेल्या प्रत्येकाला आधी तो दाखवत, मग स्थळं दाखवत. मी बी.एस्सी. झालेली, वर काँप्युटरचा वर्षाचा कोर्स केलेली. त्या कोर्सला शेजारच्या बाकावर नीला होती. आम्ही दोघी एकाच दिवशी इथे लागलो.

काम सोपं वाटतं ऐकायला. मुलाकडचे, मुलीकडचे येऊन बसायचे, आपलं सांगायचे, आणि ते जसं सांगतील तसं आम्ही टिपायचो. "मुलगी सावळी आहे पण डोळे पाहा," असं बाप म्हणाला तर टिपणात तसंच. आनंदरावांचा तसा आग्रहच होता. टिपणं मराठीत. पत्रव्यवहार मात्र रायपूर, जबलपूर, बालाघाटकडचा, तो इंग्रजीत. मराठीसाठी मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवलेलं होतं आणि मराठीचा प्रोग्रॅम वेगळा होता. इंग्रजीचा प्रोग्रॅम वेगळा. मराठीची फाईल इंग्रजीत उघडली तर अक्षरांच्या जागी काड्या-रेघोट्या दिसत. नुसत्या दिसल्या तर हरकत नव्हती, बंद करून परत मराठीत उघडली की सगळं जागेवर. पण त्या अवस्थेत जपून ठेवली, तर इंग्रजीचा प्रोग्रॅम प्रत्येक अक्षरामधली मराठीची खूणच कापून टाकायचा. मग ती फाईल कशातही उघडा, काड्याच.

म्हणून आम्ही एक पहिला पडदा तयार केला होता. मशीन सुरू झालं की तो समोर यायचा. फाईलचं नाव निवडायचं, बस. फाईलच्या नावाचं शेपूट बघून ती कशात उघडायची हे पडदा आपणच ठरवायचा. शेवटी मराठीची खूण असली तर मराठीचा प्रोग्रॅम, पत्राची असली तर इंग्रजीचा. कांताबाईंना यातलं काही कळायची गरज नव्हती. त्या पूर्वी तिथे झाडलोट करायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. मी त्यांना मशीन सुरू करायला, टिपण उघडायला, छापायला शिकवलं. सगळ्यात घोटवून काय शिकवलं असेल तर बाहेर पडताना जपून ठेवणं. "कांताबाई, पडदा सोडायच्या आधी?" मी विचारायची. त्या म्हणायच्या, "जपून ठेवायचं."

भांडण झालं ते एका गोष्टीवरून. कोणती फाईल कशात उघडायची याची ती छोटी यादी ठेवायची कुठे? मी म्हटलं, पहिल्या पडद्यावर, खाली, रोज सगळ्यांच्या नजरेला पडेल अशी. नीला म्हणाली, आत. मागच्या एखाद्या फाईलीत, कोणी जाणार नाही तिथे.

"मेन स्विच कोणी बैठकीत लावतं का गं?"

"आमचा तर दारातच आहे."

"तुझ्या घरचं नको सांगूस. इथे कांताबाई आहेत, साहेब आहेत, साहेबांचे पाहुणे आहेत. प्रत्येकाचं बोट चुळबुळ करतं." मला तेव्हा सातवा महिना होता. तिनं माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "औषधाची बाटली तू उद्या लेकराच्या हाताशी ठेवशील?"

"वर फळीवर ठेवीन. पण बाटलीवरचं नाव भिंतीकडे फिरवून ठेवणार नाही."

आनंदराव मध्ये पडले. "अहो, तुमचं हे काय सासू-सुनेसारखं चालू आहे? प्रेमिलाबाई म्हणतात तसं करा. दिसू द्या." तसं केलं. यादी समोर राहिली, आणि बदलायची असेल तर एक शब्द विचारायची. तो शब्द मी ठेवला होता. फक्त मला माहीत होता.

पाच मार्चला बाळी झाली. सोळाला, बाराव्या दिवशी, बारसं. ह्यांना बहीण नाही. आत्या कोण होणार, पाळण्याशी कोण वाकणार, यावर सासूबाईंनी दोन दिवस काथ्याकूट केला. शेवटी मीच म्हटलं, नीला होईल. नीला दुपारी आली, झबलं-टोपडं घेऊन. तिनं बाळीला मांडीवर घेतलं. मी म्हटलं, मान धर, मान धर. मला सगळ्यांच्याच हातांची भीती वाटत होती त्या दिवसांत. एकट्या नीलाच्या हातात ती दिली तेव्हा मी पाच मिनिटं डोळे मिटून टेकले. तेवढंच.

मग ती हळूच म्हणाली, "प्रेमिला, तो शब्द सांगून ठेव ना. तू जूनपर्यंत नाहीस. मधेच नवी फाईल आली, शेपूट जोडायचं झालं, तर तुझ्या दाराशी येऊ का?"

खरंच होतं ते. मी तिच्या कानात शब्द सांगितला. पाच मिनिटांनी तिनं बाळीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, सगळे हसलो. घुगऱ्या वाटायच्या आधीच ती निघाली. वर्ध्याची बस धरायची होती म्हणे, मावशीकडे जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आत्याबाई घुगऱ्या न खाताच जाऊन राहिली, पाह्य बापा." मी त्यांच्यावरच चिडले.

तर त्या सोमवारी बाळीला पाजून, झोपवून, सासूबाईंच्या हवाली केलं. तीन तास होते माझ्याकडे. बाळीच्या कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी दोन फ्लॉपी होत्या, रजेवर जाण्याच्या आदल्या शनिवारी उतरवून आणलेल्या. मला कशाचाच भरवसा वाटत नाही, हे ह्यांना माझ्यातलं खटकतं. त्या फ्लॉपी दुपट्यात गुंडाळून पिशवीत टाकल्या आणि कांताबाईंबरोबर ऑटोत बसले.

ऑटोत कांताबाईंनी सगळं सांगितलं. धुळवडीच्या पुढच्या आठवड्यात, बुधवारी, सावनेरहून मुलाकडचे आले. कांताबाईंनी टिपण उघडलं तर काड्या. त्यांना वाटलं हेच एक बिघडलं असेल. दुसरं उघडून पाहिलं. तेही तसंच. मग भीती वाटली, की सारीच तर गेली नाहीत? नीला त्या दिवशी सुट्टीवर होती. म्हणून कांताबाईंनी एकेक करत सगळी उघडून पाहिली.

"सगळी?"

"संध्याकाळपावतर. तीनशे बारा."

"आणि बंद कशी केली, कांताबाई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जपून ठेवलं नं बाई. दर वक्ती. तुमी सांगतलं तसंच. एक बी चुकवलं नाई."

मी ऑटोच्या दांडीला धरून बसले. तीनशे बारा वेळा त्या बाईनं मी शिकवलेलं न चुकता केलं होतं, आणि दर वेळेला एक एक टिपण मारलं होतं. त्यांना ते अजून कळलेलं नव्हतं. मी सांगितलंही नाही.

कागदावरचे मूळ अर्ज असते तर निभावलं असतं. पण आनंदरावांनी दिवाळीच्या साफसफाईत पाच वर्षांचे अर्ज रद्दीवाल्याला दिले होते. "काँप्युटर असताना कागद ठेवायचे म्हणजे अपमान आहे त्याचा," असं म्हणून.

माडीवर आनंदराव होते, नीला होती. नीलाच्या गळ्यात नवी बारीक चेन. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा सीताबर्डीवर एका काँप्युटरच्या दुकानात होता, एवढं मला तिच्याच चिठ्ठीतून कळलं होतं. ती उठली, "बाळी कशी आहे?" म्हणाली. मी "बरी आहे" म्हटलं.

आनंदराव वाईट माणूस नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, कूलर माझ्याकडे फिरवला आणि मग म्हणाले, "प्रेमिलाबाई, तुमच्यावर राग नाही. पण नीलाबाईनं तेव्हाच सांगितलं होतं. यादी समोर ठेवू नका, हात लागेल. लागला. कांताबाईच्या हातानं मराठीचं इंग्रजी झालं. आता लोक येऊन राहिले, मी काय दाखवू? काड्या?"

"मी हात नाई लावला साहेब," कांताबाई दारातून म्हणाल्या.

"तुमाले कळलंबी नसंल," साहेब म्हणाले.

"बदलायला शब्द लागतो," मी म्हटलं. "कांताबाईंना तो माहीत नाही."

आनंदरावांनी नीलाकडे पाहिलं. नीला टेबलावरचा भुसा बोटानं गोळा करत होती. "शब्द मी काढून ठेवला होता," ती म्हणाली. "सारखा सारखा टाकावा लागत होता म्हणून. ती चूक माझी. पण प्रेमिला, यादी समोर नसती तर हे झालंच नसतं ना. हे झाल्यावर मी ती आत हलवली. आता कोणाचा हात लागणार नाही."

"हे झाल्यावर?"

"हो. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सांगितलं इतक्या सरळ, की मी क्षणभर मानलं. आपण ज्याला मानतो त्याचं वाक्य ऐकताना आपण त्याच्या बाजूनंच ऐकतो. मला स्वतःचाच राग आला. खरंच का मी समोर ठेवली? माझ्या घाबरट स्वभावामुळे? छातीत दूध भरून आलं होतं, पदर ओला व्हायला लागला होता, आणि मी घड्याळाकडे पाहिलं. एक तास गेला होता.

"मला मशीन बघू द्या," मी म्हटलं.

पहिल्या पडद्याखालची ओळ खरंच गेलेली होती. आमच्या इंग्रजीच्या प्रोग्रॅमच्या जागी एक नवाच, चकचकीत, निळ्या चौकटीचा प्रोग्रॅम होता. "हा कोणता?" तर आनंदराव म्हणाले, "नीलाबाईंच्या होणाऱ्या मिस्टरांनी दिला, वापरून पाहायला. चांगला आहे. आवडला तर घेऊ म्हटलं." मी मागच्या फाईलींची यादी मागवली. नावं आणि त्यांच्या तारखा, खालून वर सरकत गेल्या.

आमचं मशीन सुरू करताना तारीख विचारतं. त्याला स्वतःला काही आठवत नाही, बंद झालं की तारीख विसरतं. तारीख सांगितली तर ठीक, नुसतं बटण दाबून पुढे गेलात तर ते एक जानेवारी ऐंशी धरून चालतं. कांताबाई नुसतं बटण दाबतात. आनंदरावही. मी रजेवर गेल्यापासून सकाळी कांताबाईच मशीन सुरू करत होत्या, म्हणून तेव्हापासूनचं सगळं एक जानेवारी ऐंशीचं. मेलेली तीनशे बारा टिपणंसुद्धा त्याच तारखेची. त्या आधीच्या फाईलींना खऱ्या तारखा होत्या, कारण तेव्हा मशीन मी नाहीतर नीला सुरू करायची. तारीख टाकायची सवय तिला मीच लावली होती. कोर्सच्या दिवसांत मागे लागून लागून.

त्या एक जानेवारींच्या रांगेत एकच फाईल वेगळी होती. तिच्यात यादी होती. सोळा मार्च एकोणनव्वद, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग फाईल उघडली. मराठीचं शेपूट, पत्राचं शेपूट, आम्ही कधी न वापरलेली आणखी चार शेपटं, सगळ्यांच्या पुढे त्या निळ्या प्रोग्रॅमचं नाव. बसवताना त्यानं विचारलं असणार, सगळं माझ्याकडे घेऊ का? आणि कोणीतरी हो म्हटलं असणार.

"साहेब," मी म्हटलं, "ही तारीख वाचता का?"

आनंदरावांनी चष्मा वर केला. "सोळा मार्च."

"सावनेरचे पाहुणे कधी आले होते?"

"एकोणतीसला. माह्या डायरीत आहे." ते थांबले. "म्हणजे आधीच हलवलेली आहे ही. तेरा दिवस आधी." त्यांनी परत पडद्यात पाहिलं. "पण सोळाला संध्याकाळी इथं कोण होतं? पाचला तर कांताबाई कुलूप लावते."

"मी लावलं होतं," कांताबाई म्हणाल्या. "किल्ली नीलाबाईपाशी बी हाये."

"सोळाला ती आमच्याकडे होती," मी म्हटलं. "माझ्या मुलीची आत्या म्हणून. चार वाजता निघाली. वर्ध्याची बस होती तिची."

खाली करवत थांबली होती. नीला उठून गॅलरीत गेली. मी तिच्या मागे गेले. का गेले कोणास ठाऊक; ती काहीतरी सांगेल आणि सगळं परत जागेवर येईल, अशी आशा असावी.

"त्याला घरी दाखवायचं होतं," नीला कठड्याकडे तोंड करून म्हणाली. "की पहिलं गिऱ्हाईक मिळालं. सतराला सकाळी साहेबांना तो प्रोग्रॅम दाखवायचं ठरलं होतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस."

"नाहीच म्हटलं असतं."

"मग?"

"दाखवलंस, ठीक. मग मराठीचं परत लावायचं होतं."

"विसरले. लग्नाची गडबड... टिपणं कांताबाईच उघडतात, मला कुठे लागत होती. तेरा दिवस कोणी आलंच नाही, होळी होती." ती वळली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज भांडणाचा होता. "तुझं सगळं झालंय गं. नवरा आहे, लेकरू आहे, अंघोळीला पाणी काढून देणारी सासू आहे. माझं आता कुठे होत होतं. ही नोकरी गेली असती तर त्याच्या घरच्यांनी..."

"म्हणून माझी जाऊ दिलीस."

"तुला काय, तू घरीच आहेस."

यावर मला जे बोलायचं होतं ते मी आजपर्यंत मनात शंभर वेळा बोलले आहे. तेव्हा मला सारखं एकच दिसत होतं. माझी बारा दिवसांची मुलगी तिच्या मांडीवर, मी डोळे मिटलेले, आणि ती घड्याळ बघत असणार. शब्द मिळाला की निघायचं. घुगऱ्यांसाठी थांबायचं नाही.

आत आले तेव्हा आनंदराव कूलरसमोर उभे होते. "झालं ते झालं," ते म्हणाले. त्यांना भांडणं सोसत नाहीत. लग्नं जुळवणाऱ्या माणसाची सवय असावी ती. "तुमी जूनमधी या. बाळीले घेऊन आल्या तरी चालंल. नीलाबाईबी राहील. दोघी मिळून पाहा. पण टिपणांचं काय?"

मी पिशवीतून दुपटं काढलं, उलगडलं आणि दोन फ्लॉपी कांताबाईंच्या हातात दिल्या. साहेबांच्या नाही. "दोन फ्लॉपीत दोनशे चाळीसच मावली. बाकीच्या बहात्तर घरी परत जाऊन विचारावं लागेल."

कांताबाईंनी दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद घेतात तशा. मग हळूच विचारलं, "याच्यात बी जपून ठेवायचं का बाई?"

"नाही," मी म्हटलं. "मी सांगेन तेव्हाच."

मग मी खुर्ची पुढे ओढली आणि यादी परत पहिल्या पडद्यावर आणली. मराठीचं मराठीला, पत्रांचं जुन्या प्रोग्रॅमला. शब्द नवा ठेवला. या वेळी कोणाच्याच कानात सांगितला नाही. घरी पोचले तेव्हा तीन तासांवर वीस मिनिटं झाली होती, बाळी लाल होऊन रडत होती, आणि सासूबाई म्हणाल्या, "पाह्य बरं, लेकराले कसं ठेवलं. काय म्हणते तुही नीला?" मी म्हटलं, काही नाही.

जूनपासून मी जाते. बाळीची झोळी साहेबांच्या कपाटामागे बांधली आहे, कूलरची हवा थेट लागणार नाही अशी. नीला समोरच्या टेबलाशी बसते. तिचं लग्न नोव्हेंबरात आहे. पत्रिका तिनं आनंदरावांच्या हातून दिली. आम्ही कामापुरतं बोलतो. बहात्तरांपैकी एकोणपन्नास टिपणं परत मिळाली आहेत. बाकीच्यांची लग्नं झाली असं त्यांच्या घरचे सांगतात.

सकाळी मी आधी पोचले तर मशीन मी सुरू करते आणि तारीख टाकते. पण बाळी आजारी असली की उशीर होतो, आणि तेव्हा नीला सुरू करते. मी आल्यावर पहिल्यांदा फाईलींची यादी मागवून बघते. पूर्वी नीलाच्या कामावर तारीख हमखास असायची, मिनिटांसकट. जूनपासून ती मशीन सुरू करते त्या दिवशीची प्रत्येक फाईल एक जानेवारी ऐंशीची आहे.